घरी काय काय दिलं होतं?

कॅज्युअल्टीतल्या त्या पोरसवदा डॉक्टरनं प्रश्न साधाच विचारला होता. "काका, घरी काय काय औषधं दिली होती?" बायको स्ट्रेचरवर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, आणि मास्क लावूनही बोटावरच्या यंत्रात ८६. मी सांगितलं, "पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, दोन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन." त्यानं लिहून घेतलं. एक औषध मी गाळलं. सत्तावीस वर्षं औषधाचं दुकान चालवणारा माणूस औषधांची यादी सांगताना विसरत नाही. मी विसरलो नव्हतो.

आमचं गाव कराडपासून अर्ध्या तासावर. दुकान एसटी स्टँडच्या समोर. बायको शाळेत शिक्षिका, वय ४९, सहा वर्षांपासून डायबेटिस, गोळ्यांवर आटोक्यात. २०२४ च्या १५ ऑगस्टला झेंडावंदन भर पावसात झालं आणि बाई घरी आल्या त्या पदर पिळत. शाळेत वाटलेल्या जिलबीचे तीन वेढे खाल्ल्याचं तिनं आपण होऊन कबूल केलं, कारण रात्री साखर तपासली की मी बोलणार हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी अंग मोडून आलं, रात्री ताप १०२. पावसाळ्यात आमच्याकडे प्रत्येक घरात एक तरी खोकणारा असतो. मी दुकानातून येताना नेहमीचं पाकीट आणलं.

शुक्रवारी ताप तसाच. शनिवारी ढास सुरू झाली. एकदा लागली की डोळ्यांतून पाणी येईस्तोवर थांबायची नाही. रात्रभर ती बसून होती. आता इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मागच्या वेळची ती बारीक पांढरी गोळी द्या, खोकला बसला होता तिनं." ती बारीक गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन, स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा कायदा आहे, आणि तो रोज किती दुकानांत मोडतो हे धंद्यातल्या माणसाला विचारू नये. मी शनिवारी सकाळी तिला दहा मिलिग्रॅमची एक दिली, संध्याकाळी एक. रविवारी पुन्हा दोन. शनिवारी दुपारी तिला खरंच हुशारी वाटली, तिनं चहा करून घेतला. स्टेरॉइडची हीच गंमत आहे, ताप दबतो, भूक लागते, माणूस बरा दिसतो. रविवारी साखर ३१२ आली. ती म्हणाली, "जिलबी भोवली." गुरुवारची जिलबी रविवारी भोवत नाही, हे मला कळत होतं. मी काही बोललो नाही.

रविवारी रात्री तिला दम लागायला लागला. सोमवारी, नारळी पौर्णिमेला, पहाटे मी करोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटातून काढलं, सेल बदलले, बोटाला लावलं. ८४. मला वाटलं यंत्र जुनं झालंय. माझ्या बोटाला लावलं, ९७.

यातलं सगळ्यात बोचणारं म्हणजे फ्लूवरच्या ऑसेल्टामिविरची दोन पाकिटं माझ्याच दुकानात वरच्या फळीवर होती. फ्रिजमध्ये फ्लूची लस होती. दोन्ही गोष्टी मी दुसऱ्यांना विकायच्या म्हणून ठेवल्या होत्या.

ऑसेल्टामिविरशी माझी ओळख जुनी. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली, देशातला स्वाइन फ्लूचा तो पहिला मृत्यू. त्यानंतर आमच्या गावातसुद्धा लोक रुमाल बांधून फिरायला लागले आणि दिवसाला पन्नास माणसं 'टॅमीफ्लू आहे का' (ऑसेल्टामिविरचं बाजारातलं नाव) विचारत यायची. नव्हतं. तेव्हा ते फक्त सरकारी दवाखान्यातून मिळायचं. पुढे शेड्यूल एक्समध्ये टाकलं, म्हणजे वेगळं लायसन, कुलपातलं कपाट, चिठ्ठीच्या दोन प्रती आणि त्यातली एक दोन वर्षं जपून ठेवायची. एवढा व्याप कोण करणार? २०१७ मध्ये ते एच-१ मध्ये आलं तेव्हा कुठं आमच्यासारख्यांच्या फळीवर लागलं. एच-१ म्हणजे रजिस्टरात पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, सगळं लिहायचं. त्या औषधाच्या कच्च्या मालातलं शिकिमिक आम्ल चक्रीफुलातून काढतात हे मी तेव्हा वाचलं होतं आणि बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तिनं काळ्या मसाल्याचा डबा पुढे केला होता, "घ्या, एवढ्यात किती गोळ्या होतील?"

असो. सोमवारी सकाळी कराडला पोचलो. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी. घशातला स्वॅब घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर सुरू केलं, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. आयसीयूच्या मॅडम बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील, बोलणं तुटक, पण थांबून ऐकून घेणाऱ्या. म्हणाल्या, "पहिल्या ४८ तासांत मिळालं असतं तर जास्त उपयोग झाला असता. आज पाचवा दिवस आहे. तरी देतोय, कारण इतक्या आजारी माणसात विषाणू अजून वाढत असतो."

हे औषध काय करतं ते मला माहीत होतं, पण बायको आत असताना ते वेगळं ऐकू येतं. विषाणू पेशीत घुसतो, तिथं आपल्या प्रती काढतो, त्या प्रती बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. न्यूरामिनिडेज नावाची त्याची कात्री ती चिकट गाठ कापते आणि नवे विषाणू पुढच्या पेशीकडे सुटतात. औषध त्या कात्रीची धार घालवतं. जे विषाणू आधीच सुटलेत आणि त्यांच्यावर शरीरानं जो हल्ला चढवलाय, त्याचं हे औषध काही करत नाही. फुप्फुसात पाणी भरतं ते बरंचसं त्या हल्ल्यानं.

म्हणून दुसरं औषध. माझ्या डोक्यात तिथंच ते चक्र सुरू झालं. विषाणूला एक, शरीराच्या भडक्याला एक. दोन्ही एकदम. करोनात हेच तर केलं होतं!

मंगळवारी रिपोर्ट आला, इन्फ्लुएंझा ए, एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू. दिवसभर बायपॅपचा, म्हणजे दाबानं हवा आत ढकलणारा, मास्क होता, रात्री तिची दमछाक झाली आणि व्हेंटिलेटरवर घेतलं. त्याआधी मला दोन मिनिटं आत सोडलं. मास्कच्या आतून ती काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही, मी "हो हो" म्हणालो. नंतर कित्येक रात्री मी ते काय असेल याचा विचार करत होतो. (घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, "दुधाचं बिल.")

बुधवारपासून पालथं झोपवणं सुरू झालं. सोळा तास पालथं, मग उताणं. सहा माणसं लागायची, एक डोक्याशी फक्त नळी धरून. गोळी गिळायचा प्रश्न नव्हता. सिस्टर कॅप्सूल उघडायच्या, भुकटी पाण्यात ढवळून नाकातल्या नळीतून पोटात सोडायच्या आणि वर पाणी ढकलायच्या. मी काचेतून बघायचो. मी आयुष्यभर कॅप्सूल विकल्या, उघडलेली कधी बघितली नव्हती.

बुधवारी दुपारी मी मॅडमना गाठलं. मनात दोन नावं पाठ करून गेलो होतो, एक स्टेरॉइडचं, दुसरं टोसिलिझुमॅब, शरीराचा भडका दाबणारं इंजेक्शन. "मॅडम, मिथाइलप्रेडनिसोलोन सुरू करूया ना. आणि लागलं तर टोसी. पैशाचा विचार करू नका, मी केमिस्ट आहे, मी आणतो."

त्यांनी मला नातेवाइकांच्या खोलीत बसवलं. त्या खोलीत एक पंखा, एक गणपतीचं कॅलेंडर आणि टिश्यूचा डबा. म्हणाल्या, "करोनाचं डोक्यात आहे ना तुमच्या?"

होतं. कुणाच्या नाही? २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या दुकानासमोर रात्री अकराला माणसं रेमडेसिविरसाठी उभी होती, माझ्याकडे ते कधीच येणार नव्हतं तरी. टोसिलिझुमॅबचं नाव खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं. आणि डेक्सामेथासोन, हेही स्टेरॉइडच, पाच-दहा रुपयांचं इंजेक्शन, त्यानं माणसं वाचवली. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं २०२० च्या जूनमध्ये दाखवलं की रोज सहा मिलिग्रॅम दहा दिवसांपर्यंत दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या करोना पेशंटमधले मृत्यू एक तृतीयांशानं कमी होतात. आम्हाला तेव्हा कोण अभिमान! आमच्या फळीवरचं सगळ्यात स्वस्त औषध सगळ्यात मोठं निघालं.

मॅडम म्हणाल्या, "करोनात माणूस बिघडायचा दुसऱ्या आठवड्यात. तोवर विषाणू ओसरायला लागलेला, भडका मात्र चालू. तिथं स्टेरॉइड बसलं. आणि तिथंसुद्धा ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. फ्लू चौथ्या-पाचव्या दिवशीच पाडतो. विषाणू भरात असतो तेव्हाच. त्या वेळी शरीराचे हात बांधले तर विषाणू जास्त दिवस राहतो, वर दुसरे जंतू, बुरशी. आजवर फ्लूच्या पेशंटचे जे अभ्यास झालेत त्यांत स्टेरॉइड मिळालेले जास्त दगावलेत."

मी लगेच म्हणालो, "पण जे जास्त सीरियस त्यांनाच दिलं असणार ना." धंद्यातला माणूस घासाघीस केल्याशिवाय राहत नाही.

त्या हसल्या नाहीत, पण नजर बदलली. "बरोबर. म्हणून ते अभ्यास शेवटचा शब्द नाहीत. रिकव्हरीवालेच आता फ्लूमध्ये डेक्सा देऊन बघतायत, कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवून. निकाल येईल तेव्हा येईल. आज तुमच्या मिसेसना द्यायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि त्यांना डायबेटिस आहे."

"मग डोस तरी डबल करा. ऑसेल्टामिविर दीडशे."

"आग्नेय आशियात करून बघितलंय. ३२६ पेशंट. काही फरक पडला नाही."

मी उठलो. मला तेव्हा त्या बाईचा राग आला होता, खोटं का बोला.

माझा भाचा मुंबईत एमडी करतोय, मेडिसिनला. त्या रात्री मी त्याला फोनवर म्हणालो, "मॅडम काही करायलाच तयार नाहीत." तो म्हणाला, "मामा, तिला पालथं टाकलंय, व्हेंटिलेटरचा दाब मोजूनमापून ठेवलाय, याला काही न करणं म्हणत नाहीत." पण मामाचं मन राहावं म्हणून त्यानं शोधून एकेक पेपर पाठवला. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी ते वाचले. इंग्रजी अवघड, पण औषधांची नावं माझ्या ओळखीची, त्यामुळे वाटेत ओळखीची माणसं भेटावीत तसं वाचत गेलो.

एकात मी चपापलोच. हाँगकाँगमध्ये २०१५ च्या साथीत दाखल झालेल्या फ्लूच्या २१७ पेशंटवर केलेला प्रयोग. निम्म्यांना नुसतं ऑसेल्टामिविर, निम्म्यांना त्याच्यासोबत पहिले दोन दिवस क्लॅरिथ्रोमायसिन आणि नॅप्रोक्सेन. तीस दिवसांत दगावणारे दुसऱ्या गटात कमी. नॅप्रोक्सेन! माझ्या दुकानात ते अर्धशिशीला आणि पाळीच्या दुखण्याला जातं. क्लॅरिथ्रोमायसिन घशाला. दोन्ही सूज आणि भडका थोडा उतरवतात, नॅप्रोक्सेनचा विषाणूवरही काही परिणाम असावा असं त्यांचं म्हणणं. सगळं मिळून खर्च तो किती! दुसरा पेपर तैवानचा, सिरोलिमस आणि प्रेडनिसोलोनचा. सिरोलिमस म्हणजे किडनी बदललेल्यांना देतात ते, शरीरानं परकी किडनी फेकू नये म्हणून. ३८ पेशंट, सगळे एच१एन१चे, व्हेंटिलेटरवर, आणि ज्यांना मिळालं ते लवकर सुटले. प्रेडनिसोलोन हा शब्द दिसल्यावर मी मोबाइल बंद केला. मग परत उघडला. तिसरा पेपर रक्तद्रव्याचा होता, बरे झालेल्यांच्या रक्तातला. २००९ मध्ये हाँगकाँगला त्यानं मृत्यू कमी झाल्यासारखे दिसले होते, दहा वर्षांनी अमेरिकेत नीट चिठ्ठ्या टाकून तपासलं तर काहीच नाही.

गुरुवारी सकाळी मी नॅप्रोक्सेनचा कागद मॅडमसमोर धरला. त्यांनी तो वाचलेला होता. म्हणाल्या, "तो दुसरा फ्लू, एच३एन२. आणि आज सकाळचं क्रिएटिनिन बघा, काल १.१ होतं, आज १.९. या किडनीला मी नॅप्रोक्सेन देऊ? तुम्ही दिलं असतं दुकानातून?"

नसतं दिलं. चिठ्ठी असती तरी डॉक्टरला फोन लावला असता.

मग फ्रान्सचा अभ्यास काढला मी, २०२३ चा. गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्या म्हणाल्या, "फ्लूचे पेशंट त्यात घेतलेच नव्हते. मुद्दाम वगळले होते. का, ते कालच बोललो आपण." आणि मग अगदी सहज, कागद परत देताना म्हणाल्या, "फ्लूनं आयसीयूत आलेल्यांमध्ये अ‍ॅस्परजिलस बुरशी फार घुसते. बेल्जियम-हॉलंडमध्ये पाहिलं तर जवळपास पाचातल्या एकाला. आधी स्टेरॉइड घेतलेलं असेल तर धोका आणखी. तुमच्या मिसेसनी घेतलेलं नाही, ही एक जमेची बाजू."

पंखा फिरत होता. म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, वर्षी माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीतल्या माणसाचा डोळा काढला होता. त्यालाही साखर होती.

मी म्हणालो, "घेतलंय. प्रेडनिसोलोन. दोन दिवस, वीस-वीस मिलिग्रॅम. मी दिलं."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी पेन काढलं, "किती तारखेला सुरू?" विचारलं, लिहिलं, आणि आत जाऊन नळीतून फुप्फुसाचा स्राव घेऊन बुरशीच्या तपासणीला पाठवायला सांगितलं. परत येऊन एवढंच बोलल्या, "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंत. चार दिवस आम्ही ही शक्यता खाली ठेवून चाललो होतो." मग माझ्या तोंडाकडे बघून, "दोन दिवसांच्या गोळीनं हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. झालं नाही असंही म्हणणार नाही."

हे वाक्य मी अजून उलटंपालटं करत असतो.

त्याच रात्री रक्तदाब कोसळला. दोन वाजता फोन आला, मी खालीच बाकावर होतो. फुप्फुसात फ्लूच्या पाठोपाठ स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू शिरला होता, हे कल्चरमध्ये नंतर कळलं. शिरेतून रक्तदाब चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू, त्याचा वेग दर अर्ध्या तासानं वाढवत होते. अँटिबायोटिक बदललं. पहाटे चारला मॅडम घरून आल्या, केस ओले, छत्री हातात. सहीसाठी कागद आला आणि त्यावर औषधांच्या यादीत मी वाचलं: हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी.

"मॅडम, हे स्टेरॉइड आहे."

"हो."

"काल तुम्ही..."

"काल फ्लूसाठी मागत होता तुम्ही. हे फ्लूसाठी नाही. शॉकमध्ये रक्तदाबाचं औषध वाढवूनही दाब राहत नाही, तेव्हा एवढ्या डोसात देतात. नॉरअ‍ॅड उतरलं की हेही बंद. साखरेला इन्सुलिनचा पंप लावलाय."

मी सही केली. माझा हात कापत होता, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जास्त मी गोंधळलो होतो. सत्तावीस वर्षं माझ्या डोक्यात औषधांच्या खोक्यांवर एकेकच चिठ्ठी होती: हे तापाचं, हे ढाशेचं, हे सुजेचं. तेच औषध शनिवारी चूक, बुधवारी नको, शुक्रवारी पहाटे हवं. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, मिठाचं सांगू का तुला? पिठल्यात आणि श्रीखंडात..." मी म्हणालो, "तू परीक्षेत असली उदाहरणं देऊ नकोस."

माझा एक उपयोग मात्र त्या दिवशी झाला. क्रिएटिनिन २.२ वर गेल्यावर मॅडमनी ऑसेल्टामिविर ३० मिलिग्रॅमवर आणलं, दिवसातून दोनदाच, कारण हे औषध किडनीतून बाहेर पडतं. हॉस्पिटलच्या दुकानात ७५ च्याच कॅप्सूल होत्या. ३० ची येते ती लहान मुलांसाठी, पावसाळ्यातही कुणी फार ठेवत नाही. मी आमच्या होलसेलरला पहाटे साडेपाचला उठवलं. पंचवीस वर्षांचा संबंध. त्यानं गोडाऊन उघडून शोधलं, नव्हतं, मग साताऱ्याच्या एकाला फोन केला, आणि साडेनऊला एसटीच्या कंडक्टरच्या हातून तीन पट्ट्या आल्या. बिल, बॅच नंबर, सगळं व्यवस्थित. सिस्टर म्हणाल्या, "काका, एवढ्या नकोत." मी म्हणालो, "असू द्यात."

शनिवार, रविवार काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सोलापूरकडच्या एका आजोबांनी, त्यांचा मुलगा शेजारच्या बेडवर होता, मला विचारलं, "काय झालंय म्हणं?" मी म्हटलं फ्लू. ते म्हणाले, "म्हंजी मानमोडी." हा शब्द मी माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकला होता, १९१८ च्या साथीच्या गोष्टीत. एका चितेची राख गार व्हायच्या आत दुसरी, लाकडं संपली, असं ते सांगायचे. त्या वेळी आमच्या खेड्यात ना विषाणूचं औषध होतं ना ऑक्सिजन, आणि विषाणू कुणी पाहिलाही नव्हता. सोलापूरकडच्या त्या आजोबांचा मुलगा मंगळवारी गेला. त्याला फ्लू नव्हता, अपघात होता.

सोमवारी नॉरअ‍ॅड्रेनालिन निम्म्यावर आलं, मंगळवारी बंद झालं, बुधवारी हायड्रोकॉर्टिसोनही. बुरशीची तपासणी निगेटिव्ह आली. मी त्या कागदाचा फोटो काढून ठेवलाय, अजून मोबाइलमध्ये आहे. ऑसेल्टामिविरचे पाच दिवस संपले होते, पण पुन्हा घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडला म्हणून मॅडमनी ते दहा दिवसांपर्यंत नेलं. मी काही विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, "आज कुठला पेपर?" मी म्हटलं, "आज नाही आणला."

३० ऑगस्टला नळी निघाली. पहिलं वाक्य घोगऱ्या, उसन्या आवाजात, "वर्ग कोण घेतंय?" २ सप्टेंबरला वॉर्डात, ९ सप्टेंबरला घरी. दीड दिवसाचा गणपती भावानं बसवला आणि विसर्जनही त्यानंच केलं. गौरींचं आवाहन दुसऱ्या दिवशी होतं. ती पलंगावरून जावेला सूचना देत होती, मुखवटा तिरका बसलाय म्हणून. दोन पायऱ्या चढायला तिला भिंत लागत होती, केस मूठमूठ जात होते, पण मुखवटा तिरका होता हे खरंच होतं.

१२ सप्टेंबरला, गौरीविसर्जनाच्या दिवशी, भाच्याचा फोन आला. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच दिवशी फ्लूच्या उपचारांचे नवे निर्देश काढले होते. गंभीर फ्लूत ऑसेल्टामिविर द्यावं, तेही 'पुरावा भक्कम नाही' असं कबूल करत. आणि खाली नको म्हटलेल्यांची रांग: स्टेरॉइड, क्लॅरिथ्रोमायसिनच्या घरातली अँटिबायोटिक जंतुसंसर्ग नसताना, सिरोलिमसच्या घरातली औषधं, रक्तद्रव्य. मी जिन्यात बसून वाचलेला एकेक कागद त्या रांगेत उभा होता. 'नको'सुद्धा सशर्तच, म्हणजे उद्या चांगली चाचणी आली तर बदलेल. भाचा म्हणाला, "बघ मामा, मॅडमनी आधीच केलं होतं." मी म्हणालो, "त्यांना कळव." तो म्हणाला, "त्यांनी वाचलं असेल रे."

संध्याकाळी बायकोनं फाइल मागितली. शाळेत वैद्यकीय रजेचा अर्ज द्यायचा होता, तारखा हव्या होत्या. चष्मा लावून ती डिस्चार्ज कार्ड वाचत बसली. मास्तरीण ती, शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. पहिल्याच परिच्छेदात होतं, दाखल होण्यापूर्वी दोन दिवस तोंडावाटे प्रेडनिसोलोन. मी स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, परत आलो.

"अहो, हे काय आहे? प्रेडनिसोलोन?"

"स्टेरॉइड. ढाशेसाठी मी दिली होती. ती बारीक पांढरी."

"त्यानं साखर वाढते ना?"

"वाढते."

तिनं कार्ड घडी घालून फाइलमध्ये ठेवलं. बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर पोरं गौरी घेऊन ओढ्याकडे निघाली होती, ताशा वाजत होता.

"आणि मी आपली," ती म्हणाली, "उगाच जिलबीला दोष देत होते."